काकीची अंगठी
मी पदवीधर झालो तो मासे विकून मला शिकवणाऱ्या काकीमुळे; बाजारात शिंगाळा मासा दिसला की तीच आठवते. मासे साफ करताना त्याचा विषारी काटा तिच्या बोटात घुसला होता. बोट काळंनिळं पडलं, अंगठी रुतली. ती कापली नाही तर बोट जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हसळ्याच्या सोनाराने कातर उचलताच काकीने हात पदराखाली ओढला. "धनी दर्यात असताना लग्नाची अंगठी कापतात व्हय?" मी घाबरतच म्हणालो, "काकी, दोन मेलेले तारे आदळले तेव्हा हे सोनं झालं, मग उल्कांबरोबर पृथ्वीवर आलं. त्याला कातरीने काय होणार?" "आणि तुझ्या काकाला?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकतोस, तुला ठाव असंल," म्हणत हात पुढे केला. परवा तिला पत्र लिहिलं: "काकी, त्या दिवशी काकांची होडी दिसेपर्यंत मी बंदरावरून हललो नव्हतो."