बेल्किसच्या पातेल्याला एकच हात

बेल्किसला मी गेली कित्येक वर्षं शेजारच्या खुर्चीवर बघते आहे. आमच्या गावच्या पाणी कचेरीत ती तक्रारींच्या खिडकीवर बसते आणि मी तिच्या डाव्या हाताला. राहतोही आम्ही एकाच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोर. त्यामुळे तिच्या आयुष्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं तिच्या नवऱ्यालाही नसेल, कारण तो न्यूयॉर्कला असतो. मला मूलबाळ नाही. म्हणूनच मुलं कशी वाढवावीत हे मला अगदी नेमकं ठाऊक आहे, आणि ते मी तिला वेळोवेळी सांगतही आले आहे.

दिवसभर अख्खं गाव बेल्किसकडे पाणी मागतं. नळ कोरडा का, टाकी भरली का नाही, आणि त्यातही तिनंच नळ बंद करून चावी खिशात घातल्यासारखं बोलतात. ती सगळ्यांना गोड बोलून वाटेला लावते. मग घरी येते, पर्स खाली ठेवायच्या आत आतल्या खोलीतून यांकार्लोचा आवाज येतो, "आई, पाणी." फ्रिज त्याच्यापासून चार पावलांवर असतो. मुलगा बारा वर्षांचा आहे, पाय दोन्ही शाबूत आहेत, फुटबॉल खेळताना ते मी पाहिले आहेत. ती पाणी नेऊन देते. थंड आहे का हे तो आधी बोट लावून बघतो.

मोठी अनालिया, पंधराची. तिला राग येतो तो इस्त्रीचा. म्हणजे तिच्या शाळेच्या शर्टाला आईनं केलेल्या इस्त्रीत घडी राहिली की त्या घडीचा. बापानं न्यूयॉर्कहून पिंपात भरून बूट, कपडे, शाम्पू पाठवले की दोघं पिंप उपसतात, आणि हा रंग मी सांगितला नव्हता म्हणून तोंड पाडून बसतात. बेल्किस रिकामं पिंप धुऊन गॅलरीत ठेवते. पाणी साठवायला बरं पडतं म्हणते.

या सगळ्याचा ती विचार करत नाही असं मात्र नाही. उलट फार करते. खिडकीवर गर्दी नसली की तिचा गुडघा टेबलाखाली हलायला लागतो, आणि मग मला कळतं की आता सुरू होणार. मी चुकले का? त्यांना कमी मारलं का? बाप लांब म्हणून लाड जास्त झाले का? लहानपणी आम्ही बहिणी नदीवरून डबे भरून आणत होतो, मग माझ्या पोरांना ग्लास जड का होतो? एकदा म्हणाली, "नूरिस, मी मुलं नाही वाढवली. दोन पाहुणे वाढवले." मी म्हटलं, पाहुणे निदान जाताना आभार मानतात. ती हसली नाही. तिचा गुडघा हलतच होता.

आता त्या शुक्रवारची गोष्ट. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्याकडे घरोघरी राजम्याची गोड खीर होते. राजमा शिजवून वाटायचा, गाळायचा, त्यात नारळाचं दूध, साधं दूध, साखर, लवंग, दालचिनी, रताळ्याच्या फोडी, बेदाणे, आणि वरून दुधाची छोटी बिस्किटं. मोठं पातेलंभर करायची आणि शेजारीपाजारी वाटायची. त्यांची आपल्याकडे येते, आपली त्यांच्याकडे जाते. मागायची मात्र नाही. आली तर घ्यायची, नाही आली तर वर्षभर लक्षात ठेवायची. आमच्या इमारतीत बेल्किसच्या खिरीला तोड नाही, हे माझ्यासारखी बाई कबूल करते यातच सगळं आलं. चौथ्या मजल्यावरचे म्हातारे डॉन फेयो तर त्या दिवशी सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून, धुतलेला आइस्क्रीमचा डबा मांडीवर घेऊन बसतात. बायको गेल्यापासून त्यांना ही एकच खीर मिळते, आणि नजर गेल्यापासून जिने उतरणं बंद झालं आहे.

या खिरीचा एक नियम आहे. ढवळणारा हात एकच हवा. दुसऱ्या कुणी पळी लावली की दूध फाटतं. मी शाळा-कॉलेज केलेली बाई आहे, तरी हे मी मानते, कारण माझ्या आत्यानं एकदा पळी लावली होती आणि काय झालं ते मी पाहिलं आहे. बेल्किसनं तर हा नियम पोरांच्या हाडीमांशी मुरवला. लहानपणापासून एकच वाक्य, पातेल्याजवळ यायचं नाही, हात लावायचा नाही. पोरांनी ते मनावर घेतलं आणि पुढे सगळ्या घरालाच लागू केलं.

शिवाय बेल्किसच्या शेगडीवर एक नाही, तीन पातेली असायची. मोठं इमारतीसाठी. एक छोटं यांकार्लोचं, बिनबेदाण्यांचं, कारण बेदाणे त्याला भिजलेल्या माश्यांसारखे दिसतात. दुसरं अनालियाचं, बिनरताळ्याचं, कारण तिला दाताखाली मऊ लागलेलं चालत नाही. आणि ही तिन्ही पातेली ढवळणारी बाई एकच. खीर झाली की वाटायलाही तीच जिने चढायची. मी विचारायचे, तू खाल्लीस का? ती तळहातावर पळीचा थेंब घेऊन चाखायची आणि म्हणायची, चाखून चाखूनच पोट भरलं.

यंदा मात्र तिनं ठरवलं होतं. एकच पातेलं करायचं आणि वाटायला मुलांनी जायचं. बुधवारी राजमा भिजत घालतानाच तिनं दोघांना सांगून टाकलं. अनालिया म्हणाली, मग मी खाणारच नाही. यांकार्लो म्हणाला, आणि मी वाटणार नाही. बेल्किस माझ्याकडे येऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, "मला एवढंच बघायचंय, की मी नसले तर ही दोघं कुणाच्या दारात जाऊन उभी राहतील की आपलं दार लावून आत बसतील. ते कळलं नाही तर मला झोप लागणार नाही." मी म्हटलं, आत बसतील. हे मला आधीच ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात मी खुर्ची टाकून बसले होते. दूध पातेल्यात पडलं होतं, ती ढवळत होती, आणि फोन वाजला. बाजाराजवळची मोठी पाइपलाइन फुटली होती, अर्ध्या गावाचं पाणी गेलं होतं, फोन घ्यायला दोघी ताबडतोब या. सुट्टीबिट्टी काही नाही.

बेल्किसनं एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्या हाती पळी देता येत नव्हती, मलाही निघायचं होतं. अर्ध्यावर गॅस बंद केला तर ती खीर पुन्हा दाट होत नाही. मग तिनं अनालियाला हाक मारली. पोरगी केसांना रोलर लावून आली. नखं आदल्याच दिवशी करून घेतलेली, लांब आणि जांभळी. आईनं तिच्या हातात पळी दिली तेव्हा तिनं ती दुसऱ्याची काठी धरावी तशी धरली.

"मी? मी ढवळली तर फाटेल ना?"

"आता हात तुझा. मध्ये भावाला द्यायची नाही. गॅस मंद ठेव, थांबू नकोस, पळीच्या मागे चिकटायला लागली की उतरव."

"माझी नखं, आई."

"नखांनी नाही ढवळायची, पळीनं ढवळायची."

आम्ही जिना उतरलो. बेल्किस निम्म्या जिन्यावरून परत फिरली, मी तिला दंड धरून खाली नेलं.

त्या दिवशी कचेरीत काय चाललं होतं ते तिला विचारून उपयोग नाही. फोनवर फोन येत होते आणि ती मधेच घरचा नंबर फिरवत होती. कुणी उचलत नव्हतं. गुडघा असा हलत होता की माझ्या टेबलावरची पेनं खाली पडत होती. एका बाईला तिनं पाणी कधी येईल ते सांगितलं आणि वर म्हणाली, "तोवर गॅस मंद ठेवा." बाई म्हणाली, ठेवते. मग बेल्किस मला म्हणाली, पोरं फोन का उचलत नाहीत? मी म्हटलं, कानात ते इअरफोन असतील. म्हणाली, की पातेलं पेटलंय? की दोघं गेली मैत्रिणीकडे पोहायला? डॉन फेयो बसले असतील गं डबा घेऊन. तिला धीर द्यायचा सोडून मी म्हटलं, तुझीच पोरं ती. हे म्हणायला नको होतं, पण माझ्या तोंडाला फाटक नाही.

दुपार उलटल्यावर सुटलो. इमारतीच्या दारातच करपल्याचा वास आला. बेल्किसचा चेहरा उतरला. पहिल्या मजल्यावरची मिर्था दारात उभी होती. तिनं आम्हाला थांबवलं आणि सांगितलं, पोरगी येऊन गेली, बोटांना फडकं गुंडाळलं होतं. पोरगा मागे ट्रे घेऊन. "थोडी बुडाला लागलीय," मिर्था म्हणाली, "पण फाटलेली नाही हां. सगळ्यांकडे गेली. वरच्या डॉन फेयोंकडे तर सगळ्यात आधी."

बेल्किस जिन्यातच खाली बसली. रुमाल जवळ नव्हता म्हणून तिनं बाहीनंच डोळे पुसले. मी तिच्याइतकीच खूश झाले, आणि थोडी नाराजही, कारण इतक्या वर्षांचा माझा अंदाज चुकला होता.

घरात पातेलं पाण्यात भिजत पडलं होतं, बूड कोळशासारखं काळं. दोघं मुलं टेबलापाशी बसून होती. प्रत्येकापुढे एकेक वाडगा. मधल्या बशीत बेदाण्यांचा ढीग आणि रताळ्याच्या फोडी. अनालिया आपल्या जांभळ्या नखांनी भावाच्या वाडग्यातला शेवटचा बेदाणा शोधून काढत होती, आणि तो हात मांडीवर ठेवून वाट बघत होता. हे मी पाहिलं. बेल्किसनंही पाहिलं, आणि तिचा चेहरा मघाशी करपल्याच्या वासानं झाला होता त्याहून वाईट झाला.

तिनं फ्रिज उघडला, बंद केला. ओट्यावरचे डबे उचलून पाहिले. शेवटी विचारलं, उरली कुठे आहे?

"संपली," अनालिया म्हणाली. "सगळ्यांना दिली. तू सांगितलंस तशी."

"आणि माझी?"

अनालियानं मान वर केली. पोरगी उर्मट आहे हे मी पदोपदी सांगत आले आहे, पण त्या वेळी तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"तुला कुठे आवडते? तू कधीच खात नाहीस."

माझं भाषण तयार होतं. कित्येक वर्षांपासून तयार होतं, आज संधीही होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण बेल्किसला वाडगा भरून खाताना मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला आवडते का, हे मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

बेल्किसनं खुर्ची ओढली आणि बसली. ती त्या टेबलाशी बसते तेव्हा कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ती उठते, असंच मी आजवर बघत आले होते. आज ती नीट, मागे टेकून बसली.

"मला आवडते," ती म्हणाली. "बेदाण्यांसकट आवडते."

अनालियानं आपला वाडगा हळूच तिच्याकडे सरकवला. बेल्किसनं तो परत सरकवला.

"ती तुझी आहे. ढवळलीस तू. यांकार्लो, तू वाडगा घे आणि वर जा. डॉन फेयोंना सांग, आईसाठी थोडी द्या."

पोराचे कान लाल झाले. "मागायची? कुणी मागत नाही, आई. लाज वाटते."

"मलाही वाटते," बेल्किस म्हणाली. "म्हणूनच इतकी वर्षं मागितली नाही."

तो माझ्याकडे बघायला लागला, मी काही बोलेन आणि सुटका होईल म्हणून. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याला दिलेलं परत मागायचं ही काय रीत? पण मी नजर बशीतल्या बेदाण्यांकडे वळवली. यांकार्लोनं वाडगा घेतला आणि गेला.

दार उघडंच होतं. त्याची पावलं वर जाताना ऐकू येत होती. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. बेल्किसचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आले, ती उठायला लागली. गुडघा पुन्हा हलत होता. मी मागून तिचा खांदा दाबून धरला. पावलं पुन्हा सुरू झाली.

वर दार वाजलं. डॉन फेयोंना हल्ली ऐकूही कमी येतं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात आणि समोरच्यालाही ओरडायला लावतात. कोण आहे, काय हवंय, कुणासाठी, असं त्यांनी एकामागोमाग एक विचारलं, आणि अख्ख्या जिन्यानं ते ऐकलं. मग यांकार्लोचा आवाज आला.

"आईसाठी. तिला आवडते म्हणे."

अनालिया उठली. एक चमचा धुतला, पुसला आणि आईच्या पुढ्यात ठेवला.