तिने वाचलेली पाटी

जयपूरच्या सरकारी रुग्णालयात माझे रिपोर्ट यायचे होते, जीव टांगणीला लागला होता. शेजारी एक तरुण बाई आपल्या सासूला धरून बसली होती. समोर दिसेल ती पाटी ती ओठ हलवत, अक्षरं जोडून वाचायची आणि चुकली की जीभ चावायची.

बनी पार्कच्या चर्चमधल्या सिस्टर तिला वाचन आणि शिलाई शिकवत होत्या. “माँजींनीच पाठवलं,” ती सासूकडे बघत मला म्हणाली. “विटा वाहून माझी कंबर गेली, तुझी नको जायला, म्हणाल्या. नातेवाईक भांडले, तरी ऐकलं नाही.” सासूच्या गळ्याशी गाठ होती. घरचे तिला साधी सूज म्हणत होते.

तेवढ्यात शिपायाने त्यांना आतल्या दाराशी बोलावलं. दारावर ‘कैंसर विभाग’ असं लिहिलं होतं. तिचे ओठ हलले आणि थांबले.

“काय लिहिलंय गं?” सासूने कौतुकाने विचारलं. “तुला तर येतं आता.”

वाचता येणं एवढं जड असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

“चपला बाहेर काढा, असं लिहिलंय,” ती म्हणाली, आणि खाली बसून सासूच्या चपला काढू लागली.