बाल्कनीतली छावणी

"तारण ठेवा, तारण!" शेजाऱ्यांचं हे पालुपद त्यांच्या तोंडी घातलं मीच. मंदीत माझी नोकरी गेली, तिच्यामागे कंपनीची गाडीही गेली. महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा खलास आणि आम्ही बाडबिस्तरा घेऊन पुण्यात. फुजैराहून दुबईतल्या देराला मुलाखतींना जायला मी त्यांची गाडी मागितली आणि उगाच शिष्टाचार म्हणून म्हणालो, "हवं तर काही तारण ठेवून घ्या!"

या माणसाला असं कधी म्हणू नये. नोकरी बंदरातल्या हिशेबांची, पण जीव सगळा इतिहासात. डोळे लकाकले.

"स्पेनशी लढायला डचांना पैसा हवा होता. इंग्लंडच्या राणीने दिला, पण तारण म्हणून त्यांची बंदराची गावंच घेतली. आत आपली फौज बसवली! तुमच्याकडे बंदर कुठलं?"

आमच्या घरातून समुद्र दिसे तो फक्त बाल्कनीतून. संध्याकाळी ते प्लॅस्टिकची खुर्ची आणि चहाचा मग घेऊन तिथे हजर.

"वहिनी, छावणी पडली. फौजेचा चहा यजमानांकडे."

"हे इतिहासात आहे?" बायकोने विचारलं.

"नाही, आत्ता घातलं."

मुलगी म्हणाली, "अंकल, आर यू द होल आर्मी?"

"हो बेटा. मंदी आहे ना, कपात झाली."

मी देराहून तोंड पाडून परतलो की ते मुलाखतीचं अवाक्षर काढत नसत. समुद्रात नांगर टाकून बसलेली जहाजं दाखवायचे. "ती बघा, तीही कामाच्याच शोधात." आम्ही वेड्यासारखे हसत सुटायचो.

अगदी शेवटच्या आठवड्यात नोकरी मिळाली. मी चावी परत केली. "आता बाल्कनी सोडा!"

"मुद्दल फिटलं. व्याज?" म्हणत ते बसूनच राहिले.

पुढे त्यांचीच नोकरी गेली. निघायच्या दिवशी तसेच हसत आले. "वहिनी, तिजोरी रिकामी. राणीमागून आलेल्या राजाचंही हेच झालं. मिळेल तेवढं घेऊन गावं सोडून दिली बिचाऱ्याने."

"तुम्ही काय घेणार?"

"कांदाभजी."

"आणि फौजेचं काय झालं?"

"काही शिपाई तिथेच राहिले म्हणे, डचांच्या नोकरीत."

दोन प्लेट भजी खाऊन उठले. मी त्यांना विमानतळावर सोडून आलो. बाल्कनी एकदम भलतीच मोठी वाटायला लागली. त्यांची खुर्ची आत घ्यावी म्हणून उचलली, तोच आतून बायको ओरडली,

"अहो, शिपायाला हात लावू नका. आता आपल्या नोकरीत आहे तो."