काकूच्या जागेची सुपारी

शनिवारी दुसरबीडला काकांच्या नव्या घराची पूजा होती. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील... मी पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. करत होते आणि सोमवारी माझा सेमिनार होता.

विषय संरचनावाद. शब्दाचा अर्थ त्याच्या पोटात नसतो, बाकीच्या शब्दांत त्याची जागा कुठली यावर ठरतो, इथवर डोक्यात शिरलं होतं. पण भाषेचं हे सूत्र लोक नातीगोती, जेवणखाण, रीतिरिवाज, सगळ्यालाच लावायला लागले होते. ते कसं, हे काही केल्या कळेना.

घरात वेगळाच घोळ. स्वयंपाकघराची खिडकी काकांनी काकूला न विचारता बसवली, म्हणून ती रुसून सुलतानपूरला माहेरी गेलेली. आठ दिवस झाले तरी काका न्यायला जाईनात.

गुरुजींनी तांदळावर सुपाऱ्या मांडल्या. सगळ्या एकाच पुडीतल्या... पण पहिली गणपती आणि पुढच्या नऊ नवग्रह. मी विचारलं, "ओळखता कसे, गुरुजी?"

"जागेवरून," ते म्हणाले. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला... अख्खा सेमिनार पाटावर मांडून ठेवला होता की!

मग त्यांनी त्याच पुडीतली आणखी एक सुपारी काकांपुढे धरली. बायको हजर नसली की तिच्या जागी नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचायची, अशी रीत आहे. मी तर खूशच, आयतं आणखी एक उदाहरण मिळालं.

काकांनी सुपारी उलटीसुलटी करून पाहिली. "देवाले चालत असंन, गुरुजी. मले नाही चालत." सुपारी पाटावर ठेवली आणि निघाले ते थेट एसटी स्टँडवर... पितांबर नेसलेलेच.

मुहूर्त टळला. गुरुजी कुरकुरत चहावर चहा पीत राहिले. काकू येते की नाही, या काळजीनं आम्ही सगळे दारात.

चार वाजता दोघं एसटीतून उतरले. काकू आधी स्वयंपाकघरात गेली, खिडकी बघून आली. म्हणाली, "पूर्वेले पाहिजे होती."

"हाव. उद्याच फोडतो," काका म्हणाले. मग जोडीनं पूजेला बसले. नंतर ती जास्तीची सुपारी काकूनं अडकित्त्यानं कातरून आम्हा सगळ्यांना वाटली.

सोमवारी सुपाऱ्यांवर सेमिनार मस्त रंगला. शेवटी सरांनी विचारलं, सगळं जागाच ठरवते, तर माणसाचं काय उरतं? पुस्तकात उत्तर नव्हतं... मी काकांचं "मले नाही चालत" जसंच्या तसं, वऱ्हाडीतच सांगितलं. वर्ग हसला, सरांनी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

काका आता नाहीत. नव्वदीची काकू पूर्वेच्या खिडकीशी बसते आणि मी गेले की हमखास सांगते, "तुहे काका पितांबरात आले होते मले न्यायले, पोरी." दर वेळी सांगताना लाजते.

थँक यू, काका... सेमिनारसाठीसुद्धा.