स्लॅबवरची टिटवी

सकाळी उठलो की मी आधी स्लॅबवर जातो. तोंड धुणं, चहा, सगळं नंतर. वर गेलं की वारा उगवतीचा आहे का मावळतीचा ते कळतं. चिमण्या धुळीत अंग घुसळायलेत का, मुंग्या अंडी घेऊन कुठल्या भिंतीला चढायलेत, एवढं बघून मी खाली येतो आणि आज काय होईल ते घरच्यांना सांगतो. पोरगा मोबाईल बघून सांगतो. कधी त्याचं खरं होतं, कधी माझं. पण माझं खरं होतं त्या दिवशी मी दोनदा सांगतो.

शाळा माझ्या वाट्याला थोडीच आली. माझ्या बापाची मेंढरं होती. भालकीपासून पार भीमेच्या काठापर्यंत तो मेंढरं घेऊन फिरायचा. मेंढरामागं फिरणाऱ्याला आभाळ बघावंच लागतं, त्यात शहाणपण काही न्हाई. मेंढरं गेली, शेती आली, पण मान वर करायची सवय गेली न्हाई.

यंदा वैशाखात वर गेलो तर टिटवी अंगावरच आली. टाकीचं काम करून मिस्त्र्यानं उरलेली खडी एका कोपऱ्यात तशीच पसरून ठेवली होती. तिच्यात चार अंडी. खडीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. पाय पडला असता तरी कळलं नसतं. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, ओढ्यात घातली की वर्ष कोरडं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. पण घराच्या स्लॅबवर घातलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली. मी ते गावभर सांगितलं. शेजारीण म्हणाली, घरावर टिटवी बसणं बरं न्हाई. मी म्हणलं, तुझ्या घरावर बसली न्हाई म्हणून तुला तसं वाटायलंय.

अडचण एकच होती. स्लॅब गळत होता. पाऊस सुरू व्हायच्या आत वरून गिलावा करायचा म्हणून पोरानं मिस्त्री ठरवला होता.

"आप्पा, मिस्त्री पुन्हा मिळत न्हाई," पोरगा म्हणाला. "एकदा हातचा गेला की दिवाळीलाच."

"पिल्ले निघू दे. मग करा."

"आन त्याच्या आत तो आला तर?"

"तर मी अंड्यापाशी पोतं टाकून बसतो. त्याला म्हण, माझ्या डोक्यावरनं घमेलं ने."

पोरानं मिस्त्र्याला फोन करून आठवडाभर पुढं ढकललं. आठवड्याच्या पुढं ढकलणं पोराच्याबी हातात नव्हतं, हे मला कळत होतं.

मग माझं वर जाणं वाढलं. लांब टाकीच्या सावलीत बसायचं. नर-मादी पाळीनं बसायचे. ऊन चढलं की एक जण उडून गुरांच्या हौदावर जायचा, पोट पाण्यात बुडवायचा, आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यावर बसायचा. अंडी थंड राहावीत म्हणून. ज्या दिवशी हौदाकडं येरझाऱ्या जास्त, त्या दिवशी ऊन भयंकर. ज्या दिवशी कमी, त्या दिवशी दुपारनंतर ढग यायचे. मी हे पोराला सांगितलं. तो मोबाईलात बघून म्हणाला, "व्हय, आज दोन डिग्री कमीच दाखवायलाय." मला बरं वाटलं.

त्यातच माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, गुलबर्ग्यात. बहीण दिलेली करजगीला, कानडी मुलखात. तिचीच पोरगी मी सून करून आणली, म्हणून सून मला मामा म्हणते ते दोन्ही नात्यानं. ती आईला बघून आली आणि म्हणाली, आता तुम्ही जा, आई वाट बघायलीय. एकुलता भाऊ मी. जाणं भाग होतं. निघताना मी सुनेला बजावलं, "वर कुणाला जाऊ देऊ नको. तुझ्या नवऱ्यालाबी."

"मामा, तुम्ही माझ्या आईला बघायला जायलाव, का तिथं बसून टिटवीची काळजी करायला?"

"दोन्ही."

दवाखान्यात मी मुक्काम केला. बहीण चांगली होती, मला शिव्या देण्याइतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी परतायला स्टँडवर आलो. गाडीत बसतोय तोवर फोन वाजला. सुनेचा. तिच्या मागं कोंबड्या, माझ्या मागं गाड्यांचे हॉर्न, सगळी खरखर. ती ओरडत होती, "मामा! मरी मेले! मामा, मरी मेले!" आणि फोन कटला.

मरी. मेंढरं पाळणाऱ्याच्या घरात हा शब्द मोठ्यानं काढत न्हाईत. रोग पडून कळप बसतो ती मरी. बापाच्या वेळी एकदा तशी पडली होती. आता घरात मेंढरं न्हाईत, जीव लावलेले होते ते स्लॅबवरचेच. आणि पुढं 'मेले'. विचारायचं काय उरलं? मी फोन बंद करून खिशात टाकला. तिनं पुन्हा लावला असता, पोरानं लावला असता, समजूत घातली असती. मला कुणाची समजूत नको होती.

गाडी निघाली. शेजारी एक माणूस होता, गाणगापूरहून दर्शन करून निघालेला, लातूरकडचा. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "बाबा, कुणी गेलं का?"

"व्हय."

"घरचं?"

"घरचंच. चार जण."

तो एकदम सावरून बसला. "अरे देवा. गाडीचा अपघात?"

"न्हाई. टिटवीचे पिल्ले."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि हुमनाबादला दुसरी जागा रिकामी झाली तशी तिकडं जाऊन बसला.

घरी पोचलो तर सून दारातच. "फोन कामून बंद केलाव? किती वेळ झालं लावायलेय!"

"सांगायचं ते सांगितलंस ना. कुठं टाकले?"

"काय?"

"पिल्ले."

"टाकले? अहो वर हायत की! सकाळी सकाळी चारीबी निघाले. तेच तर बोंबलून सांगत होते, मरी म्याले..." आणि ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं पदर तोंडात घातला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली हसत.

कानडीत पिल्लाला मरी म्हणतात. मेले म्हंजे वर. तिच्या माहेराकडं म्याले म्हणतात, पण फोनच्या खरखरीत ते मेलेच झालं. आता मला कानडी येत न्हाई असं न्हाई. बाजारात, कचेरीत, कुठंबी बोलतो. मेंढराच्या कोकराला कानडी धनगर मरीच म्हणतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण ही सून माझ्या घरात आल्यापासून माझ्याशी मराठीच बोलते. तिचा आवाज आला की माझा कान मराठीच ऐकतो. आनंदात तिच्या तोंडून माहेरची भाषा निघाली, आणि माझ्या कानानं त्याचं मढं केलं. चूक निम्मी निम्मी आहे. ती म्हणते, सगळी माझी.

मी वर पळालो. टाकीखालच्या सावलीत चार गोळे, काडीएवढ्या पायावर. पण टिटव्या वर नव्हत्या. दोघंही खाली शेतात उभे राहून पिलांना हाका मारत होते. पिल्ले कठड्यापर्यंत पळायचे, कठडा त्यांना चढत नव्हता, परत सावलीत यायचे. वर खायला काही न्हाई, पाणी न्हाई, आणि स्लॅब तव्यासारखा.

"जनावराच्या कामात हात घालायचा न्हाई," मी म्हणालो. "त्यांची वाट ते काढतील."

सून मागं उभी होती. "मामा, मिस्त्र्याच्या कामात हात घातलाव, नवऱ्याच्या कामात घातलाव. आता हितंच कामून थांबायलाव?"

मी कठडा चाचपत गेलो. कठड्याच्या कोपऱ्यातल्या विटा नुसत्या रचलेल्या होत्या. त्यातल्या दोन मी काढल्या. खाली कठीण जमीन. सून म्हणाली तुरीचा भुसा टाकू. पोरगा भुशाची पोती खांद्यावर आणून त्या फटीखाली ओतायला लागला. ज्याला स्लॅब मोकळा पाहिजे होता तोच घामानं भिजला होता. मी वरून त्याला सांगत होतो, इकडं ओत, तिकडं ओत. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही खाली या. तुम्हाला बघून ते भ्यायलेत."

आम्ही तिघं खाली जिन्याच्या आडोशाला बसलो. पहिलं पिल्लू फटीत आलं, खाली बघितलं, आणि उडी टाकली. भुशात बुडालं, निघालं, पळालं. दुसरं, तिसरं त्याच्या मागं. चौथं फटीपर्यंत आलं आणि परत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा परत. मी उठायला लागलो तर सुनेनं माझा हात धरला. तेवढ्यात मादी उडून वर आली, फटीत उभी राहिली, काहीतरी बोलली, आणि खाली उतरली. ते पिल्लू तिच्या मागं असं पडलं की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भुशातून बाहेर येत होतं.

"चार," पोरगा म्हणाला, आणि मिस्त्र्याला फोन लावायला गेला.

टिटव्या पिलांना घेऊन बांधाच्या कडेनं नांगरटीत चालल्या होत्या. ढेकळात पिल्ले दिसेनात, नुसते आईबाप दिसायचे. आमचा कुत्रा तिकडं कान टवकारून बघत होता. मी त्याला दोरीनं बांधलं आणि त्याच्याजवळ बांधावर बसलो. तो कुंई कुंई करत ओढायला लागला. मी म्हणालो, "ओढ किती ओढायचं ते. मला आज दुसरं काम न्हाई."