चोरीला गेलेली पायरी

ती फिर्याद आठवली की मी आजही डोकं धरतो. चोरी झाली होती दगडी पायरीची, आणि पायऱ्यांमध्ये खिंडार कुठंच नव्हतं!

बालाघाटच्या उतारावरच्या त्या गावात देवीच्या देवळाकडे जुना पायऱ्यांचा रस्ता चढतो. काही पायऱ्यांवर दंडवत घातलेली माणसं कोरलेली आहेत, खाली त्यांची नावं. भक्तांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून लोक अशी पायरी कोरून घेतात. फिर्यादी गावातला दुकानदार. त्याच्या वडिलांची शेवटची इच्छा म्हणून कोरलेली पायरी दुरुस्तीनंतर गायब झाली होती. तिथं सपाट दगड बसलेला होता.

मी गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. कोरीव दगड विकणाऱ्या टोळ्या असतात, म्हणून बदलाबदलीचा संशय आला. खबऱ्या म्हणाला, "सायेब, त्या पायरीला माकणीकडच्या गवंड्यानंच हात लावलाय." गवंड्याला चौकशीसाठी आणलं. बिचाऱ्याचं काम त्याच दिवशी सुटलं. आता अटक झाली असती तर जन्माचा डाग लागला असता.

"दगड कुठंय?"

"तितंच हाय, सायेब. म्या न्हेला न्हाय."

"मग दाखव की!"

"शबुद दिलाय. सांगता येत न्हाय."

आमचे हवालदार तापले. "साहेब, वेड घेऊन पेडगावला चाललाय हा!" मलाही राग आला. पण खोटं बोलणारा माणूस गोष्ट रचतो, तपशील भरतो. याच्याकडे गोष्टच नव्हती. मी पुन्हा पायऱ्यांवर गेलो, दगड ठोकून पाहिला, काही उमगेना. स्टेशन डायरीत काय लिहावं तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा चौकशीला बोलावून बसवलं होतं, तेव्हा एक म्हातारी ठाण्यात आली. हातात भाकरी बांधलेलं फडकं. "त्या गवंड्याला द्या. सकाळपासून उपाशी आसंल." ती फिर्यादीची आई होती. ज्याच्यावर मुलाचा आळ, त्याला आईची भाकरी? मी तिला खुर्ची दिली आणि नुसता गप्प बसलो. माणसं प्रश्नापेक्षा गप्पपणाला जास्त घाबरतात.

"त्याला सोडा," ती रडायला लागली. "दगड म्याच उलटा करायला लावला. पोराला सांगू नगं म्हून शपत घातली हुती."

"का, आजी?"

"आमच्या मालकाचं नाव हाय त्यावर. जलमभर त्यांना पाय लागू दिला न्हाय. आधी मी पल्याडच्या कडंनं चढत हुते. आता गुडघं गेलं. धरायला लोखंडी नळी बसवली ती नेमकी त्यांच्याच बाजूला. सगळ्यांनी पाय द्यावा ही त्यांची हौस. म्या कसा द्यावा? देवीला जायाचंच बंद करू का?"

मुलाला बोलावून पायऱ्यांवर गेलो. पंचांसमोर गवंड्यानं पहार घातली. मातीनं माखलेला बाप वर आला. मुलगा खालीच बसला. "आई, मला का न्हाय सांगितलंस गं?"

"तुझ्या बापाची इच्छा मोडली म्हून तू रडला आसतास."

तो रडलाच. मग उठून गवंड्याचे पाय धरायला गेला. गवंडी मागं सरकला, "आवं, ऱ्हाऊ द्या." मुलानं स्वतः पहारेला हात लावला आणि दगड पुन्हा पालथा घातला.

गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला, असा 'क' समरी अहवाल मी कोर्टात पाठवला. गवंड्याचं काम त्याला परत मिळवून दिलं.

दगड कोणी नेला, कुठं विकला, एवढंच आम्ही विचारत होतो. तो कुणाला आडवा येत होता, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुढं प्रत्येक तपासात मी हा प्रश्न आधी विचारला.

त्या दिवशी दगड बसल्यावर म्हातारीनं नळी धरली. नाव आता खाली होतं, कोरलेला माणूसही खाली होता. तरी तिनं वाकून दगडाला हात लावला, तो कपाळाला नेला, "माफ करा," म्हणाली, आणि मगच पाय उचलला.