प्रार्थनेची पाळी

लग्नात, बारशाला, चर्चच्या आवारात, कुठंही चार ओळखीची माणसं भेटली की कुणीतरी मला म्हणतंच, "वहिनी, तुमच्या शमूचा तो किस्सा सांगा ना!" मी विचारते, "कुठला?" कारण एक असेल तर सांगेन! घरात दोन मुलगे वाढत असले की किस्से शिवणाच्या डब्यातल्या सुट्या बटणांसारखे साठत जातात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, आणि टाकूनही देत नाही. आज डबा उपडा केलाच आहे, तर आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतले सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दौंडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. मोठा आशिष तिसरीत, धाकटा शमुवेल, म्हणजे शमू, नुकता पहिलीत गेलेला. जेवणाआधी सतरंजी टाकून सगळ्यांनी प्रार्थनेला बसायचं, हा माझ्या सासरचा नेम. सुरुवात सगळ्यात लहानानं करायची, मग चढत चढत जायचं आणि शेवट घरच्या कर्त्या माणसानं करायचा. त्याचं "आमेन" झाल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत.

ह्यांनी त्यालाही कंपनीची भाषा लावून टाकली होती. "चला, शमू पहिली पाळी, आशिष दुसरी, मम्मी तिसरी!"

"आणि पप्पा, तुम्ही?"

"मी गेट बंद करणारा!"

ह्यांची ड्युटी दुपारची असली की गेट माझ्याकडे यायचं. पण मुलांना ते पटायचं नाही. त्यांच्या मते माझं आमेन कच्चं होतं.

*

आशिषची सहामाही होती. सकाळी दप्तर भरून तयार, बूट घातलेले आणि हा दारात मांडी ठोकून बसला. शाळेत जाणार नाही म्हणाला.

"का रे बाबा?"

"रोज आपण सगळे मिळून देवाकडे काय मागतो? परीक्षेत आणू नको. मग तुम्हीच मला परीक्षेला का पाठवता?"

तसं म्हटलं तर पोरगं चुकत नव्हतं. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत ती विनंती आहेच. मोहात पाडू नको, असा तिचा अर्थ. पण शब्द परीक्षाच! ह्यांनी त्याला जवळ घेऊन समजावलं, की ती परीक्षा वेगळी आणि ही वेगळी.

आशिषनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्हाला माहितीय. देवाला कसं कळणार कुठली ते?"

हे हसत हसत त्याला सायकलवर बसवून शाळेत सोडून आले. गणितात मार्क जेमतेम पडले. आशिषनं त्याचा दोष माझ्या कच्च्या आमेनला दिला.

*

आमच्यातली जुनी माणसं भेटल्यावर एकमेकांना "सलाम" म्हणतात. पाळकसाहेब आले तरी सलाम, शिरूरहून माझे वडील आले तरी सलाम. शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्या मुसलमान चाचांनाही येणारेजाणारे सलामच करायचे. तेव्हा शमूनं आपला हिशेब लावला होता, की चाचा आपल्यातलेच!

एका रविवारी चर्चहून येताना तो थेट त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. कमरेवर हात ठेवून.

"चाचा, तुम्ही उपासनेला का येत नाही? पाळकसाहेब रागावतील!"

मला कुठं तोंड लपवू असं झालं. चाचा पंक्चर काढत होते. त्यांनी ट्यूब पाण्यातून वर काढली, शमूकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मी शुक्रवारीच उरकून घेतो, बेटा. रविवारी गिऱ्हाईक लई असतं."

शमूला ते पूर्ण पटलं. घरी येऊन म्हणाला, "मम्मी, आपण पण शुक्रवारी उरकू या. रविवारी टीव्हीवर कार्टून असतं."

*

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माझ्या माहेरी, शिरूरला जायचो. तिथल्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते आणून वेदीपुढं ठेवायचं, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव. कांदे, भोपळे, ज्वारी, अंडी, एखादी कोंबडी. आलेले पैसे चर्चला.

माझ्या वडिलांनी एक तांबडी कोंबडी दिली. शमू त्या कोंबडीला आठवडाभर मांडीवर घेऊन फिरत होता, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. लिलाव सुरू झाल्यावर शमू मधोमध येऊन ओरडला, "ही माझी आहे!"

तिथले पाळकसाहेब खाली वाकून म्हणाले, "बाळा, ती आता प्रभूची झाली."

"प्रभूनं मागितलीय का? आप्पांनीच दिली!"

सगळं चर्च हसलं. माझे आप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी स्वतःच बोली लावून आपलीच कोंबडी परत विकत घेतली.

येताना एस.टी.त ती शमूच्या कुशीत. न्हावऱ्याच्या अलीकडं कंडक्टर आला आणि म्हणाला, "बाई, कोंबडीचं तिकीट काढावं लागतंय. हाफ."

शमू म्हणाला, "ती चर्चची आहे!"

कंडक्टर म्हणाला, "आसंल की. पन बस म्हामंडळाची हाय न्हवं?"

*

आता बबनकाका. त्यांच्याशिवाय आमच्या घरचा कुठलाच किस्सा पुरा होत नाही.

बबनराव ह्यांच्याच डिपार्टमेंटला. मूळचे यवतकडचे, दौंडात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून खोली. पाळी एकच आली की दोघं एकाच मोटारसायकलवर कुरकुंभला जायचे, आणि ती गाडी बबनरावांची. तिला स्टार्ट करणं म्हणजे अख्ख्या गल्लीची करमणूक! किका मारून मारून बबनराव घामाघूम व्हायचे, मागून पोरं मोजत असायची.

शमूनं एकदा आपल्या पहिल्या पाळीत घालूनच टाकलं, "देवा, बबनकाकांची गाडी एका किकमध्ये चालू होऊ दे." मग ते रोजचंच झालं. आप्पांचा दुखरा गुडघा, कोंबडी आणि बबनकाकांची गाडी.

बबनराव आमच्या प्रार्थनेच्या वेळी आले तर आत यायचे नाहीत. चप्पल काढून, टोपी हातात धरून उंबऱ्यातच उभे राहायचे. आमेन झालं की रिपोर्ट द्यायचे.

"शमू, आज तीन किका लागल्या गड्या. काल एकीतच झालती. आज तुझा जोर कमी पडला जनू!"

शमू गंभीरपणे म्हणायचा, "आज मला झोप आली होती, काका."

हे हसायचे. म्हणायचे, "बबन, कार्बोरेटर साफ कर आधी. पोराला कशाला कामाला लावतोस?"

"कार्बोरेटरला पैसं पडत्यात, राव. ह्यो फुकाट करतोय!"

*

दोघांचा एक जुना करार होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बबनरावांची जी पाळी असेल ती हे करायचे, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ह्यांची पाळी बबनराव. बदल्यात बबनरावांना माझ्या हातच्या करंज्या लागायच्या. दिवाळी संपली की ते त्यांच्या दारातला आकाशकंदील उतरवून आमच्या दारात आणून टांगायचे. "आमची झाली, आता तुमची हुंद्या!"

त्या वर्षीही तसंच झालं. चोवीस तारखेला ह्यांची रात्रपाळी होती. बबनराव गेले. पंचवीसला सकाळी आम्ही चारी जणं नवे कपडे घालून चर्चमध्ये बसलो होतो. गाणी चालली होती. मधेच शमू बाकावर उभा राहिला आणि आनंदानं ओरडला, "चाचा आले! मम्मी, चाचा आले!"

दारात सायकलवाले चाचा उभे होते. आत येत नव्हते आणि शमूकडे बघतही नव्हते. त्यांनी ह्यांना हातानं बाहेर बोलावलं.

कुरकुंभहून परत येताना हायवेला सकाळच्या धुक्यात मागून ट्रक आला होता. बबनराव जागेवरच गेले. ह्यांची ड्युटी करून येत होते.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आशिष माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मम्मी, आपण रोज गाडी चालू होऊ दे, एवढंच मागत होतो. ब्रेकचं कुणी मागितलंच नाही."

 

*

त्यानंतर ह्यांनी प्रार्थनेला बसणं सोडलं. भांडण नाही, वाद नाही. सतरंजी घातली की हे उठून आतल्या खोलीत जायचे आणि पडदा ओढून कॉटवर बसायचे. आमचं झालं, जेवणं झाली की मग कधीतरी येऊन चार घास खायचे, तेही एकटे. गेट मी बंद करायची. माझं आमेन कच्चं आहे, असं आता मुलंही म्हणत नव्हती.

खरं सांगते, हे देवावर रुसले याची मला भीती नव्हती. देव समर्थ आहे, तो बघून घेईल. मला भीती मुलांची वाटायची. दुःख झालं की बापमाणसानं पडद्यामागं जाऊन बसायचं असतं, हे ती दोघं रोज संध्याकाळी शिकत होती. आशिष तर आधीच कमी बोलायला लागला होता. आपली दुसरी पाळी तो एका वाक्यात उरकायचा आणि त्याचं लक्ष सगळं पडद्याकडे.

पाळकसाहेब भेटायला आले. पुष्कळ बोलले, चांगलंच बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा घ्या साहेब, गार होतोय."

निघताना त्यांनी अंगणात शमूला धरलं आणि हळूच विचारलं, "काय रे, पप्पा एकटे असताना तरी प्रार्थना करतात का?"

शमू थोडा विचार करून म्हणाला, "नाही. पण सायकल लई हळू चालवतात."

चाचा मात्र काही न बोलता यायचे. दुकान बंद केलं की आमच्या ओट्यावर ह्यांच्याशेजारी बसायचे, तंबाखू मळायचे आणि जायचे. एकदा मी म्हटलं, "चाचा, तुम्ही तरी ह्यांना काही सांगा ना."

"काय सांगू, बेटी? मलाच काय कळत न्हाई. म्हनून तर येऊन बसतो."

*

आणि मग ती संध्याकाळ. जून लागला होता, शाळा सुरू झाल्या होत्या. मी पिठलं केलं होतं, भाकऱ्या टोपल्यात होत्या. सतरंजी घातली. हे नेहमीसारखे आत गेले, पडदा ओढला.

शमूची पाळी. त्यानं डोळे मिटले, हात जोडले, आप्पांचा गुडघा झाला, कोंबडी झाली. मग थांबला. मला वाटलं, संपलं. तर हा एकदम कामाचं बोलावं तसा बोलायला लागला.

"आणि देवा, आमच्या पप्पांनी तुझ्याशी अबोला धरलाय. मम्मी-पप्पांचा असतो ना कधी कधी, तसा. तेव्हा मीच मधे असतो. मम्मी म्हणते, पप्पांना सांग चहा ठेवलाय. मग मी सांगतो. तर तुला पप्पांना काय सांगायचं असलं तर मला सांग. मी सांगतो."

माझे डोळे मिटलेलेच होते. मी ते तसेच ठेवले. 

पडद्यामागून आवाज आला. इतके महिने त्या वेळेला कधीच न आलेला.

"शमू."

"काय पप्पा?"

"त्याला विचार, पाळी माझी होती. बबनला कशाला नेलं?"

मी डोळे उघडून बघितलं, तर शमूनं आपले आणखी घट्ट मिटले होते. कपाळाला आठ्या पडल्या. आशिषनं त्याला कोपरानं ढोसलं, तरी हा गप्पच. मला वाटलं आता रडेल, आणि मीच काहीतरी बोलून हे थांबवायला हवं.

"काय म्हणतो?" पडद्यामागून पुन्हा आवाज आला. 

"थांबा ना पप्पा! ऐकू तर द्या!"

आम्ही थांबलो. सगळेच थांबलो.

शेवटी शमूनं डोळे उघडले आणि पडद्याकडे तोंड करून सांगितलं, "तो म्हणतो, आधी जेवून घे. मग बोलू आपण."

 मग कॉट वाजली. पडदा सरकला. हे आले, आशिष आणि शमूच्या मधे मांडी घालून बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाढ."